ठाणें-कल्याण प्रांतांतील सुवार्तामत आणि त्याची मराठी परिभाषा

जुन्या मराठी कागदांच्या संग्राहकांत एक रीत पडून गेली आहे. दप्तरांतून निवाडपत्र, महजर, करीना किंवा शकावली निघाली कीं तिला रुमाल मिळतो; वेदान्ताची अगर वैद्यकाची पोथी निघाली तर तिची नोंद होते; परंतु त्याच गठ्ठ्यांत मिशनच्या छापखान्याचें चार पानांचें चोपडें आढळलें तर तें ‘पाद्र्याचें’ म्हणून बाजूस पडतें व यथाकाल रद्दींत जातें. या रीतीनें आपलें किती नुकसान झालें याचा अंदाज आतां करणें कठीण आहे. त्या चोपड्यांत जें मत प्रतिपादिलें आहे तें कोणास पटो वा न पटो. परंतु तें मत मराठींत उतरवितांना जी परिभाषा सिद्ध झाली ती अर्धी धर्मशास्त्रांतून व अर्धी मराठेशाहीच्या दप्तरांतून उचललेली आहे, इतकी एक गोष्ट दाखवितां आली तरी मोडी वाचणाऱ्या वाचकांस त्या चोपड्यांकडे पुन्हां पाहावेंसें वाटेल अशी आमची समजूत आहे. आम्ही ख्रिस्ती नाहीं व खंडनमंडनाचाहि आमचा हेतु नाहीं. शब्दांची चौकशी करणें एवढाच आमचा अधिकार.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आपण सरसकट सर्वांस लावतों, त्यामुळें निरनिराळ्या काळचे व निरनिराळ्या मतांचे लोक एका रांगेंत बसतात. ठाणें-कल्याण प्रांतापुरतें बोलावयाचें तर येथें ख्रिस्ती मताचे निदान तीन थर आहेत. सर्वांत खालचा थर कल्याणचा. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा कॉस्मास नांवाचा प्रवासी ‘कल्लिआना’ नांवाच्या बंदरांत इराणांतून नेमून आलेला बिशप असल्याचें लिहितो, आणि हें कल्लिआना म्हणजे आपलें कल्याणच असें बहुतेक विद्वान् मानतात. त्यानंतर सुमारें आठ शतकांनीं, १३२१ सालीं, ठाण्यास फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधु मारले गेले; पुढें थोड्याच वर्षांनीं ओदोरिक नांवाचा त्याच पंथाचा प्रवासी येथें येऊन त्यांच्या अस्थि घेऊन गेला. हा इतिहास मनोरंजक आहे, परंतु त्यानें मराठी भाषेवर कांहीं खूण ठेविली नाहीं. दुसरा थर पोर्तुगीजांचा. साष्टी व वसईकडील रोमन कॅथॉलिक रयत ही त्या अमदानीची, आणि मराठी वाङ्मयाच्या दृष्टीनें त्या थराचें शिखर म्हणजे फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’. तें १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्यांतील ओवी व त्यांतील ‘वैकुंठ’ यांविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्ही त्यांत भर घालीत नाहीं.

आमचा विषय तिसऱ्या थराचा. इंग्रजींत ज्यास ‘इव्हँजेलिकल’ म्हणतात त्या मताचा हा थर होय. ग्रीक भाषेंत ‘एव्हँजेलिऑन’ म्हणजे चांगली बातमी. त्यावरून हें नांव पडलें. म्हणून या लेखापुरतें आम्ही त्यास ‘सुवार्तामत’ म्हणूं. प्रॉटेस्टंट पक्षांत हें मत अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत जोरानें उसळलें. लंडन शहरीं २४ मे १७३८ च्या सायंकाळीं एका लहान सभेंत लूथराची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असतां जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मनाचा पालट झाला, तो प्रसंग या मताचे लोक अद्यापि स्मरतात. त्याच्या आदल्या सालीं साष्टी व ठाणें मराठ्यांनीं घेतलें होतें, आणि पुढील सालच्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई सर केली. एकीकडे फिरंगी धर्मसत्ता उत्तर कोंकणांतून उठली आणि दुसरीकडे जें मत पुढें त्याच भूमींत येणार होतें त्यास लंडनांत पालवी फुटली. असे योग लक्षांत ठेवण्यास सोईचे असतात. त्यांवरून अनुमान मात्र काढूं नये.

या मताचें सार काय? डेव्हिड बेबिंग्टन नांवाच्या इतिहासकारानें १९८९ सालीं त्याचीं चार लक्षणें सांगितलीं, तीं आतां सर्वमान्य झालीं आहेत: शास्त्रग्रंथावर सर्व भिस्त, वधस्तंभावरील मरणास सर्व शिकवणुकींत मध्यवर्ती स्थान, प्रत्येकाच्या अंतःकरणाचा पालट झालाच पाहिजे हा आग्रह, आणि त्या पालटानंतर स्वस्थ न बसतां खटपट करणें. देव एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा हें त्याचें त्रैक्य. पुत्र खरोखर मनुष्य झाला, मेला, उठला व न्यायासाठीं पुन्हां येणार. हें सर्व कॅथॉलिकांसहि मान्य आहे. भेद पडतो तो पापी मनुष्य देवापुढें उभा कसा राहातो या प्रश्नाशीं. सुवार्तामत म्हणतें कीं तो आपल्या पुण्यानें, व्रतानें, तीर्थानें किंवा धर्मगुरूच्या मध्यस्थीनें उभा राहात नाहीं. ख्रिस्तानें त्याच्या जागीं दंड सोसला एवढ्यावरच विश्वास टाकून तो उभा राहातो. सत्कर्में पाहिजेत, पण तीं या गोष्टीचें फळ म्हणून, किंमत म्हणून नव्हे. ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे पुढील शब्दविचार कळण्यास अडचण पडणार नाहीं.

मराठी मुलुखांत हें मत आणणारे पहिले लोक अमेरिकन होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. १८०६ च्या वेलूरच्या बंडानंतर कंपनीस धर्मोपदेशकांची धास्ती बसली होती. उभयतांस परत जाण्याचा हुकूम झाला, ते जहाजानें निघाले, कोचीनहून त्यांस परत आणण्यांत आलें, आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन याची मनोवृत्ति सुवार्तामताकडे झुकलेली असल्यामुळें व १८१३ च्या सनदेनें दारें कांहींशीं उघडल्यामुळें अखेर ते राहिले. कंपनीच्या राज्यांत मिशनऱ्यांस सरकारचा पाठिंबा होता असें जें आपण सर्रास लिहितों तें या पहिल्या काळास मुळींच लागू पडत नाहीं. पेशवाई बुडाली त्याच सालीं, म्हणजे १८१८ त, जॉन निकल्स व ॲलन ग्रेव्हज् हे आणखी दोघे आले. ग्रेव्हज् माहीमास राहिला व निकल्सनें ठाणें पत्करलें. साष्टीचें मुख्य ठिकाण, किल्ल्यांत इंग्रजी शिबंदी, भोंवतीं कॅथॉलिक कोळी-कुणब्यांचीं गांवें आणि खाडीपलीकडे कल्याण-भिवंडीचा रस्ता, अशा जागीं या मनुष्यानें सहा वर्षें काढलीं. डिसेंबर १८२४ मध्यें तो वारला. पुढच्याच सालीं बिशप हेबर यानें ठाण्यास येऊन इंग्रजांच्या सेंट जेम्स देवळाची प्रतिष्ठा केली. हेबरचें नांव गॅझेटियरांत येतें. निकल्सचें नांव कोणी घेत नाहीं.

या मंडळींच्या कामाचा हिशेब शिष्यसंख्येवरून केला तर तो फार लहान भरतो. त्यांनीं बाप्तिस्मा दिलेला पहिला मनुष्य १८१९ सालचा, आणि तोहि हिंदु नव्हे, हैदराबादेकडील मुसलमान. त्यांच्या शाळांतील पंतोजी बहुधा ब्राह्मण असत. ते स्वतः स्नानसंध्या करून येत व मुलांकडून मिशनचीं पुस्तकें घोकून घेत. यांत कोणास विसंगति वाटत नसे. पंतोजीस पगार पाहिजे होता, मिशनऱ्यास वाचक पाहिजे होते, आणि मुलांच्या बापांस अक्षरओळख पाहिजे होती. परंतु याच व्यवहारांतून मिशनऱ्यांस एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे चालत्या मराठीचा कान. श्रीरामपुरास विल्यम केरी यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें १८०५ त मराठी व्याकरण, १८१० त मोडी खिळ्यांनीं छापलेला कोश आणि १८११ त नवा करार काढला खरा. पण बंगाल्यांत बसून केलेली ती भाषा कोंकणांत व देशावर चालेना. मुंबईच्या अमेरिकनांनीं म्हणून सर्व काम नव्यानें आरंभिलें, १८१७ पासून आपल्या छापखान्यांतून मत्तय आदिकरून भाग काढले, आणि १८२६ त संपूर्ण नवा करार छापून पुरा केला.

हॉल मात्र तो पुरा झालेला पाहण्यास राहिला नाहीं. त्याच सालीं तो नाशिकाकडे गेला. तिकडे पटकीचा कहर चालला होता. जवळचें औषध वांटून संपल्यावर तो परत फिरला व वाटेंत एका खेड्यांत देवळाच्या ओसरीवर २० मार्च रोजीं त्याच पटकीनें वारला. मूर्तिपूजेचें खंडन करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास शेवटची सावली देवळाची मिळाली. पंधरवड्याच्या आंत बिशप हेबरहि त्रिचनापल्लीस वारला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. मराठी बायबलाचें जें रूढ भाषांतर आहे त्याचा पहिला शब्दच पाहावा. ग्रंथाचे दोन भाग, जुना करार व नवा करार. ‘करार’ हा आपल्या दप्तरांतील शब्द आहे. करारमदार, करारनामा, कौलकरार हे शब्द ज्यानें पत्रांच्या पेटाऱ्यांत वाचले नाहींत असा संशोधक विरळा. देव व मनुष्य यांच्यामधील संबंधास ‘नियम’ किंवा ‘संकल्प’ असा संस्कृत शब्द न योजतां दोन पक्षांच्या तहांतला शब्द योजला, यांत भाषांतरकारांनीं मोठें मर्म साधलें. पुढें ‘शुभवर्तमान’. ‘इकडील वर्तमान’ हे शब्द मराठी पत्रांत ठायीं ठायीं येतात. वर्तमान म्हणजे बातमी. शुभवर्तमान म्हणजे थैलींतून आलेली चांगली बातमी, असाच अर्थ १८२० च्या सुमाराच्या वाचकास प्रथम सुचला असला पाहिजे. स्वर्गांतील वांट्यास शब्द ‘वतन’. अन्यायी कारकुनाच्या दृष्टान्तांत ‘कारभारी’, कर वसूल करणारा तो ‘जकातदार’, आणि ख्रिस्तास दंड सांगणारा पिलात तो ‘सुभेदार’. ख्रिस्तानें पुष्कळांकरितां आपला प्राण जो दिला त्यास ‘खंडणी’ म्हटलें आहे. ज्या मुलुखांत खंडणी बसविणें, खंडणी भरून गांव सोडविणें ही दोन पिढ्यांपूर्वींची आठवण होती, त्या मुलुखांत या शब्दानें काय चित्र उभें केलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

एका क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावयाचें आहे. पापी मनुष्य विश्वासानें ‘नीतिमान् ठरतो’ असा प्रयोग मराठींत रूढ आहे. नीतिमान् ‘होतो’ असें म्हटलें नाहीं, ‘ठरतो’ असें म्हटलें आहे. सुवार्तामताचें सर्व हृदय या एका क्रियापदांत आहे. लूथरापासून प्रॉटेस्टंटांचा मुद्दा असा कीं देव पाप्यास प्रथम चांगला बनवून मग स्वीकारीत नाहीं. तो पापी असतांनाच त्याच्या बाजूनें निवाडा देतो, व चांगला होणें ही गोष्ट मागाहून चालू राहाते. कॅथॉलिक पक्ष या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या करीत नाहीं. आतां आपले निवाडे पाहा. गोतसभेंत वादी खरा ‘ठरतो’, प्रतिवादी खोटा ‘ठरतो’. ठरणें म्हणजे सभेनें निर्णय सांगणें. त्यानें मनुष्याचा स्वभाव पालटत नाहीं, त्याचा हक्क पालटतो. युरोपांत या भेदावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. मराठींत तो भेद पाटलाच्या पारावरच तयार होता.

परंतु सर्व शब्द असे सुखानें बसले नाहींत. सर्वांत मोठी अडचण ‘प्रायश्चित्त’ या शब्दाची. ख्रिस्त हा आमच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, असा या मताचा सिद्धान्त मराठींत मांडला जातो. प्राय म्हणजे तप व चित्त म्हणजे निश्चय, अशी या शब्दाची व्युत्पत्ति निबंधकार देतात. याज्ञवल्क्य स्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचाच. ज्यानें पाप केलें त्यानें तें करावयाचें, हा त्याचा प्राण. कृच्छ्र, चांद्रायण, दान, कांहींहि असो, कर्ता तोच. त्यामुळें दुसऱ्यानें केलेलें प्रायश्चित्त मला लागू होतें असें म्हणतांच कोणीहि न्याय पढलेला शास्त्री दोन दोष दाखवील: कृतप्रणाश व अकृताभ्यागम. माझ्या केलेल्या पापाचें फळ भोगल्यावांचून नष्ट होतें हा पहिला, आणि ख्रिस्तानें न केलेल्या पापाचें फळ त्यास भोगावें लागतें हा दुसरा. आमच्या मतें हा आक्षेप त्या काळच्या सर्व वादांच्या मुळाशीं आहे, जरी वाद वरवर मूर्ति, अवतार व पुराणांतील कथा यांवर झाले. १८३१ त मोरभट दांडेकर यांनीं ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली व जॉन विल्सन यानें पुढच्या सालीं तिला उत्तर दिलें; तीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे दोघेहि एकमेकांच्या देवतांवर जितके शब्द खर्च करितात तितके या मुख्य गांठीवर करीत नाहींत असें दिसतें. ती गांठ सोडविण्याचा यत्न संस्कृतांत अधिक झाला. जॉन म्यूर यानें १८३९ त ‘मतपरीक्षा’ लिहिली, तिला तीन पंडितांनीं उत्तरें दिलीं. त्यांतील सुबाजी बापू व नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे दोघे आपल्याच बाजूचे. कर्म व पुनर्जन्म मानल्यावांचून जन्मतःच येणाऱ्या दुःखाची उपपत्ति लागत नाहीं, हा गोऱ्ह्यांचा मुद्दा आजहि खोडण्यास कठीण आहे. आणि तो मांडणारे हेच नीळकंठशास्त्री १८४८ त जौनपुरास ख्रिस्ती झाले व पुढें त्यांनींच ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्या जुन्या पक्षाचें खंडन केलें. एवढा बुद्धिमान् मनुष्य आपलाच पूर्वपक्ष सोडून गेला तो केवळ आमिषानें गेला असें म्हणणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें.

शास्त्रांतले शब्द जेथें अडले तेथें दप्तरांतल्या शब्दानें वाट काढून दिली. नव्या करारांत ख्रिस्तास एके ठिकाणीं कराराचा ‘जामीन’ म्हटलें आहे. दुसऱ्याचें प्रायश्चित्त मला कसें लागतें हें शास्त्र्यास कळेना. पण जामिनानें पैसा भरला म्हणजे ऋणको सुटतो, हें कोणत्याहि कुणब्यास कळतें. ऋण दुसऱ्यानें फेडतां येतें हें तर शास्त्रासहि मान्य आहे. बापाचें ऋण पुत्र फेडतो, पितृऋणाची कल्पनाच त्यावर उभी आहे. यावर शास्त्र्याचें प्रत्युत्तरहि तितकेंच नेमकें असूं शकतें. आपल्या दप्तरांत जामीन दोन प्रकारचा, मालजामीन व हजीरजामीन. मालजामीन पैसा भरतो. हजीरजामीन फक्त असामी हजर करून देण्याची हमी घेतो. असामीनें खून केला तर त्याच्याऐवजीं जामिनाचा शिरच्छेद करावा असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां पाप हें ऋणासारखें आहे कीं अपराधासारखें, हा खरा प्रश्न उरतो. तो प्रश्न पाश्चात्य ईश्वरविद्येंतहि अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म नांवाच्या आचार्यापासून चालत आलेला आहे. तो ज्या शब्दांनीं मराठींत मांडतां येतो ते शब्द आपल्या रुमालांत पडून आहेत, हें आम्ही पुन्हां सांगतों.

प्रायश्चित्त या शब्दाची दुसरी बाजू १८४३ सालीं मुंबईस दिसली. नारायण शेषाद्रि यांनीं त्या सालीं विल्सनच्या मंडळींत बाप्तिस्मा घेतला; त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, हाहि मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. बापानें फिर्याद केली व न्यायालयानें मुलगा बापाच्या हवालीं केला. पण घरीं आणलेला मुलगा पंक्तीस घ्यावा कसा? बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला व सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. शिवकालीं १६७६ त नेताजी पालकरास प्रायश्चित्त देऊन परत घेतलें होतें, हें त्या मंडळींस आठवलें नाहीं किंवा आठवावेंसें वाटलें नाहीं. एक पक्ष म्हणतो, याचें प्रायश्चित्त ख्रिस्तानें केव्हांच केलें आहे. दुसऱ्या पक्षांतले कित्येक म्हणतात, याला प्रायश्चित्तच नाहीं. आणि मध्यें तो पोर. त्यानें पानांत मांडलेलें अन्न कोणाबरोबर खावें एवढाच त्याच्यापुरता या सर्व शास्त्रार्थाचा अर्थ होता.

‘नवा जन्म’ या शब्दाची गोष्ट निराळी. उपनयनानें होणारा दुसरा जन्म आपणांस परिचित आहे. त्यावरूनच द्विज शब्द. सुवार्तामताचा नवा जन्म त्याच्याशीं नांवानेंच जुळतो. त्याला वय नाहीं, वर्ण नाहीं, स्त्रीपुरुषभेद नाहीं, आणि विशेष म्हणजे संस्कारहि नाहीं. बाप्तिस्मा झाला म्हणजे नवा जन्म झालाच असें हें मत मानीत नाहीं. तो पवित्र आत्म्याकडून अंतःकरणांत व्हावा लागतो. म्हणूनच या मताचे उपदेशक ख्रिस्ती कुळांत जन्मलेल्यांसहि, मग ते साष्टीचे कॅथॉलिक असोत वा ठाण्याच्या किल्ल्यांतील गोरे शिपाई असोत, पालट होण्याविषयीं तितक्याच आग्रहानें सांगत. याचें उत्तम उदाहरण पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ त इंग्लंडांत झाला. परंतु आपणांस धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, व तो भेद पुढें आठएक वर्षांनीं उमगला, असें त्यांनीं १९०७ त लिहिलेल्या आपल्या साक्षींत स्वतः सांगितलें आहे.

रमाबाईंचा उल्लेख आला तेव्हां त्यांच्या भाषांतराविषयीं बोललें पाहिजे. भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीनें हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत पुन्हां उतरविलें. १९२२ त त्यांच्या मृत्यूपूर्वीं काम पुरें झालें व ग्रंथ १९२४ त केडगांवच्या मुक्ति मिशनांतून बाहेर पडला. त्यांचा कटाक्ष असा कीं वेदान्ताचा व पुराणांचा वास ज्या शब्दांस येतो ते शब्द वर्ज्य करावे आणि अडाणी बाईसहि समजेल असें लिहावें. संस्कृत ज्यांस कमी येत होतें त्या मिशनऱ्यांनीं संस्कृत शब्द बिनदिक्कत घेतले. आणि संस्कृतांत ज्यांचा जन्म गेला त्या रमाबाईंनीं ते टाळले. त्या शब्दांत काय काय भरलेलें आहे हें त्यांस आंतून माहीत होतें. असें असतां त्यांचें भाषांतर रूढ झालें नाहीं. आमच्या मतें शब्द धुऊन कोरा करितां येत नाहीं. ‘पाप’ व ‘कृपा’ हे दोन शब्द तरी कोणत्या देवळांत गेले नव्हते?

नेमक्या उलट्या दिशेनें गेले ते नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, दापोलीकडे करजगांवचा; परंतु बालपणाचीं कांहीं वर्षें कल्याणांत गेलीं व प्राथमिक शिक्षण तेथील शाळेंत झालें, म्हणून या प्रांताचा त्यांवर थोडा हक्क पोहोंचतो. पुढें नाशिकास संस्कृत अध्ययन, १८९३ त आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें दिलेलें बायबल, व १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा, हा वृत्तान्त लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळें घरोघर माहीत आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. कृपेचा सिद्धान्त त्यांनीं निवाड्याच्या भाषेंतून काढून अभंगाच्या भाषेंत घातला. त्यांत आपल्यास नवल वाटूं नये. माकडाचें पोर आईस स्वतः घट्ट धरितें, मांजराचें पोर आई तोंडांत धरून नेते. ईश्वराची कृपा या दोहोंपैकीं कशी, यावर दक्षिणेंतील वैष्णवांचे वडकलै व तेंकलै असे दोन पक्षच पडले आहेत. सुवार्तामत हें उघडउघड मार्जारन्यायाचें आहे. वारकऱ्यांच्या घरांत वाढलेल्या मनुष्यास तें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. परकें वाटे तें मिशनचें दप्तर, पगार व पंचकमिट्या. आणि १९१७ त टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसहि जागा ठेविली. सुवार्तामताच्या कित्येक मंडळींस हें रुचलें नाहीं, कारण विश्वास हा गुप्त ठेवण्याचा पदार्थ नव्हे, चारचौघांत कबूल करण्याचा आहे, असें तें मत सांगतें. दरबार हा शब्दहि पुन्हां दप्तरांतलाच.

शास्त्रग्रंथाच्या प्रामाण्याविषयीं थोडकेंच सांगतों. शब्दप्रमाण आपल्यासहि मान्य. पण वेदाचें श्रवण अधिकाऱ्यानें करावयाचें, आणि येथें तर ग्रंथ प्रत्येकाच्या हातीं देऊन स्वतः वाच म्हणावयाचें. त्यामुळें हें मत छापखान्यावांचून चालूंच शकत नाहीं. वाद तोंडीं झाला तरी तो लगेच छापला जाई. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं १८५७ त मुंबईस समुद्रकांठीं जे वाद केले त्यांचा वृत्तान्त प्रतिपक्षाचा जॉर्ज बोएन यानें त्याच सालीं पुस्तकरूपानें काढला. आणि या छापखान्याचें देणें आपल्या घरीं दररोज दिसतें. गणपत कृष्णाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकले व त्यांनीं स्वतःच्या छापखान्यांतून १८३१ त पहिलें मराठी पंचांग छापलें. निर्णयसागराचे जावजी दादाजी हेहि लहानपणीं त्याच मिशनच्या छापखान्यांत होते. मूर्तिपूजेच्या खंडनाकरितां पाडलेल्या खिळ्यांच्या विद्येवर आपल्या एकादशा, संकष्ट्या व काव्यमालेचे काव्यग्रंथ छापून निघाले.

संग्राहकांस शेवटीं कामाचें सांगावयाचें तें असें. मिशनचें चोपडें हातीं आल्यास मुखपृष्ठ, साल व छापखाना प्रथम उतरून घ्यावा. नंतर ‘प्रायश्चित्त’, ‘खंडणी’, ‘जामीन’, ‘नीतिमान्’ व ‘तारण’ हे पांच शब्द त्यांत आहेत कीं त्यांच्या ठिकाणीं दुसरे आहेत हें पाहावें. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत हे शब्द बदललेले आढळले तर ते कोणत्या सालीं बदलले याची नोंद करावी. १८२६ पूर्वींचे सुटे भाग व हरि केशवजी यांनीं १८४१ त केलेलें ‘यात्रिकक्रमण’ यांच्या पहिल्या आवृत्त्या विशेष मोलाच्या. भाषांतरास साह्य करणाऱ्या पंडितांचीं नांवें मुखपृष्ठावर बहुधा नसतात. बाबाजी रघुनाथ हे मिशनऱ्यांस मराठी शिकविणारे ब्राह्मण पंडित १८३१ त ख्रिस्ती झाले म्हणून त्यांचें चरित्र १८३६ त न्यूयॉर्कास छापलें गेलें. जे झाले नाहींत, व ज्यांनीं ‘ठरणें’ हें क्रियापद सुचविलें असण्याचा संभव अधिक, त्यांचीं नांवें मिशनच्या हिशेबाच्या वह्यांत पगाराच्या रकमेपुढें सांपडलीं तरच सांपडतील. साष्टी व कल्याणकडील कोणाच्या घरीं अशी वही निघाल्यास तिचे कागद सुटे करूं नयेत.